तळे, गायरान आणि ताट

एप्रिल महिन्यात आम्हा परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या घरी दोन दिवस आठच दिवसांच्या अंतराने येतात : १४ एप्रिलची भीमजयंती आणि २२ एप्रिलचा शाळेतला वसुंधरा दिन. एका दिवशी मुले निळे झेंडे घेऊन जयंतीला येतात, दुसऱ्या दिवशी हिरव्या कागदावर पृथ्वीचे चित्र काढून घरी आणतात. अशाच एखाद्या आठवड्यात कोणीतरी मूल विचारते, "बाबासाहेबांनी पर्यावरणाबद्दल काय सांगितले आहे?" आणि आपण मोठी माणसे क्षणभर एकमेकांकडे पाहतो.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि आम्ही ती दोन्ही देऊन पाहिली आहेत. पहिले उत्तर असे की, बाबासाहेब हे त्या काळातले थोर पर्यावरणवादी होते. दुसरे असे की, आपल्या समाजाला आधी माणूसपण मिळवायचे होते; झाडापानांचा विचार करण्याची सवड कोणाला होती? पहिल्या उत्तरात आजचा शब्द कालच्या माणसाच्या तोंडी घातला जातो. दुसऱ्या उत्तरात आपल्याच पूर्वजांवर अन्याय होतो. पाणी, जमीन, जनावर, लाकूड आणि धान्य यांच्याशी ज्यांचा संबंध रोजचा आणि प्रत्यक्ष हातांचा होता, त्यांच्यापाशी निसर्गाचा विचार नव्हता असे म्हणणे म्हणजे श्रमातून येणारे ज्ञान हे ज्ञानच नव्हे असे मानणे होय. म्हणून या लेखात आम्ही तिसरा मार्ग धरीत आहोत. आपल्या चळवळीने पाणी, जमीन आणि अन्न या तीन गोष्टींविषयी प्रत्यक्षात काय केले, काय मागितले आणि काय नाकारले, याचा इतिहास क्रमाने पाहू या.

गावकुसाबाहेरून दिसणारा निसर्ग

पर्यावरणाच्या पुस्तकांत भारतीय खेड्याचे एक चित्र हमखास भेटते. स्वयंपूर्ण खेडे, गरजेपुरते घेणारा माणूस, काहीही वाया न घालवणारी व्यवस्था. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे चित्र अधिकच मोहवते. परंतु ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि घटनेत खेड्याऐवजी व्यक्तीला एकक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. हे मत त्यांनी पुस्तके वाचून बनवले नव्हते. त्यामागे गावगाड्याचा अनुभव होता.

त्या गावगाड्यात काहीही वाया जात नसे हे खरेच आहे. प्रश्न एवढाच की, वाया जाऊ न देण्याचे काम कोणाच्या शिरावर होते? मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांचे. कातडे कमावण्याचे काम ढोरांचे. त्या कातड्याची मोट आणि पायताण शिवण्याचे काम चांभारांचे. वाखाचे दोर वळण्याचे काम मांगांचे. आज जिला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात, ती या लोकांच्या हातांनी चालत होती. आणि तिचे बक्षीस अस्पृश्यता हे होते. मोटेचेच उदाहरण घ्या. विहिरीवरचा इंजिन-पंप येईपर्यंत बागायत पिकवण्यासाठी कातडी मोटेशिवाय गत्यंतर नव्हते. त्या मोटेने उपसलेले पाणी विटाळत नसे. मोट शिवणाऱ्या हाताच्या स्पर्शाने मात्र विहीर विटाळत असे. निसर्गाच्या नियमांत न बसणारी ही गोष्ट समाजाच्या नियमात चपखल बसली होती.

वेसकरकी, तराळकी, सरणासाठी लाकडे फोडणे, मृत्यूची खबर परगावी पोचवणे अशा कामांच्या बदल्यात बलुते, शिळ्या भाकरीचा हक्क आणि हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी वतनी जमीन मिळत असे. ती जमीन एका कुटुंबाची नसून साऱ्या भावकीची. पिढ्यांगणिक वाटे होत होत ती कोणाचेच पोट भरू शकणार नाही अशी झाली. अशा वेळी जे खायला मिळे ते खाल्ले जाई. मेलेल्या जनावराचे मांस उन्हात वाळवून त्याच्या चान्या साठवल्या जात. पावसाळ्यात रानातला तरोटा, कुर्डू, पाथरी, घोळ यांच्या भाज्या चुलीवर चढत. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये निवडुंगाच्या बोंडांवर दिवस काढणारी माणसे भेटतात. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली हा अनुभव मराठी साहित्याच्या मध्यभागी आणून ठेवला. पुढे २०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली. त्या शीर्षकातील एका 'अ'ने मराठी पाकशास्त्राच्या सर्व प्रतिष्ठित पुस्तकांना एक प्रश्न विचारला आहे.

या स्वयंपाकामागे मोठे ज्ञान होते. कोणती भाजी कोवळी असताना खावी, कोणती उकळून पाणी टाकून द्यावे, मांस किती वाळवले म्हणजे टिकते, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. मात्र हे ज्ञान त्यांनी हौसेने मिळवलेले नव्हते, उपासमारीने ते शिकवले होते. ज्ञानाचा अभिमान बाळगताना उपासमारीला सुंदर म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे, हा आमच्या मते या इतिहासाचा पहिला धडा आहे.

जोतीरावांचा बंधारा

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. या ग्रंथाचे वाचन आपण बहुधा शोषणाच्या अंगाने करतो. पण त्यात माती, पाणी आणि जंगल यांचा बारकाईने केलेला विचार आहे. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचे मलमूत्र पावसाबरोबर वाहत येऊन शेताला खत कसे मिळे, गायराने आणि राने जंगल खात्याने आपल्या ताब्यात घेतल्यावर गरीब शेतकऱ्यांची गुरे कशी कोंडली गेली, याचे वर्णन त्यांनी केले. उपायही सांगितले. पाणी शेतातच मुरावे म्हणून जागोजागी बंधारे घालावेत आणि हे काम सरकारने आपल्या पलटणी व पोलिसांतील रिकाम्या मनुष्यबळाकडून करून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

पाणलोट क्षेत्र विकासाच्या योजना महाराष्ट्रात राबवल्या जाण्याच्या कितीतरी आधीचा हा विचार आहे. त्यात निसर्ग आणि न्याय यांची फारकत नाही. माती का वाहून गेली, हे विचारताना जोतीराव त्याच दमात शेतकऱ्याचा पैसा कोण वाहून नेतो हेही विचारतात. आपल्या परंपरेतील पर्यावरणविचाराची सुरुवात शोधायची असेल तर ती येथे आहे.

महाड : पाणी आणि भाकरी

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे कागदोपत्री जाहीर केले. तळे मात्र बंदच राहिले. जनावरे त्या तळ्यावर पाणी पीत, अन्यधर्मीय माणसे पीत. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेतील हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. त्यानंतर सनातन्यांनी सत्याग्रहींवर हल्ला केला आणि काही दिवसांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले.

पाण्याच्या इतिहासाचा विद्यार्थी या प्रसंगाकडे कसा पाहील? माणसाच्या ओंजळीने पाणी बिघडत नाही; त्यात शेण कालवल्याने मात्र बिघडते. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द आपल्या देशात किती दूर गेले होते, याचा याहून ठसठशीत पुरावा दुसरा नाही. जेथे शुद्धतेचा विचार धर्मशास्त्र करते तेथे स्वच्छतेचे काम जातीवर सोपवले जाते आणि नदी, नाला, गटार यांची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. पुढे तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

महाडचे पाणी सर्वांना आठवते. महाडची भाकरी मात्र आपण विसरतो. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागून खाणे सोडा, असे सांगितले. स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत असेही परिषदेने ठरावाद्वारे सुचवले. या आवाहनाचे मोल आज भरल्या पोटी लक्षात येणे कठीण आहे. ज्यांच्या घरात दुसरे अन्न नव्हते त्यांनी स्वाभिमानासाठी होते ते अन्नही नाकारले. गावोगावी महारांनी मढी ओढणे थांबवले, तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडले, बलुते बंद झाले, वाटा अडवल्या गेल्या. तरीही लोक मागे हटले नाहीत. काय खावे याचा निर्णय आपला आपण घेण्याचा हक्क आपल्या समाजाने अशा रीतीने मिळवला आहे.

जमिनीचा प्रश्न

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून परतल्यावर १९१८ साली त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे एकत्र केले म्हणजे शेती सुधारेल, असे त्या वेळचे अनेक तज्ज्ञ म्हणत होते. बाबासाहेबांनी वेगळा मुद्दा मांडला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही, त्या शेतावर भांडवल आणि श्रम किती लागतात यावरून ठरते. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार फार आणि अवजारे व भांडवल थोडे. म्हणून हा भार उद्योगांकडे वळवला पाहिजे. जमिनीच्या सहनशक्तीचा विचार त्यांनी अर्थशास्त्राच्या भाषेत केला होता.

पुढची तीन दशके हा विचार कृतीत उतरत गेला. १९२८ साली त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती पद्धत नष्ट करणारे विधेयक आले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील सुमारे वीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. त्यात महार होते तसेच कुणबीही होते, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेती हा सरकारी उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांना जातिभेद न करता कसायला द्यावी, कोणी जमीनदार राहू नये, कोणी कूळ राहू नये आणि कोणी भूमिहीनही राहू नये, अशी मांडणी त्यांनी केली.

पाण्याचेही तसेच. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्याकडे सिंचन आणि विजेचा कारभार होता. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विचार करणाऱ्या दामोदर खोरे योजनेची आखणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. १९४५ साली मध्यवर्ती जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटक येथील परिषदेत त्यांनी महानदीच्या पुराविषयी बोलताना पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे, ते समुद्रात वाहून जाऊ देण्याऐवजी साठवले पाहिजे, असा विचार मांडला.

येथे आम्हाला प्रामाणिक राहिले पाहिजे. मोठ्या धरणांनी वीज आणि पाणी दिले, तसे लाखो माणसांना उठवलेही. त्यांत आदिवासी आणि दलित मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांना हा पुढचा अनुभव उपलब्ध नव्हता. त्यांचा प्रत्येक शब्द आजच्या प्रश्नाचे तयार उत्तर म्हणून वापरणे त्यांना स्वतःलाच मान्य झाले नसते. त्यांच्याकडून घ्यायची ती पद्धत : निसर्गसंपत्तीच्या प्रत्येक योजनेला, लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न विचारणे.

गायरान : आपला सर्वांत अवघड प्रश्न

महार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. वेठबिगारीची बेडी तुटली, पण जमीन बहुतेकांच्या हाती आली नाही. म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासून, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह आरंभला. लाखो माणसांनी अटक करवून घेतली. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-आज्या त्यात तुरुंगात गेल्या होत्या. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यांची प्रमुख मागणी होती.

ही पडीक जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. मराठवाड्यातील भूमिहीनांनी दगडगोटे वेचून, बांध घालून ती कसायला घेतली. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, उभी पिके उद्ध्वस्त झालेली पाहिली. अॅड. एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आपले आयुष्य या लढ्याला दिले. १९९१ साली महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे काही अटींवर नियमित करण्याचा निर्णय घेतला. ती तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षारंभाची होती.

दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचा युक्तिवाद आहे. गायरान म्हणजे गावाचे सामाईक कुरण. तेथे गवत वाढते, पक्षी घरटी करतात, पाणी मुरते, भटक्या पशुपालकांच्या शेळ्यामेंढ्या चरतात. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका तळ्याच्या खटल्यात सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनी यांचा अपवाद म्हणून उल्लेख आहे. दुर्दैवाने गावात या निकालाचे पहिले वाक्य ऐकू येते, अपवाद ऐकू येत नाही.

हा प्रश्न अवघड आहे, कारण दोन्ही बाजूंना सत्याचा अंश आहे. कुरणे संपली तर नुकसान होते आणि त्यात धनगर, वंजारी, भटके-विमुक्त असे आपलेच बांधव भरडले जातात. पण ज्या गावात पाणवठा सामाईक नव्हता, स्मशान सामाईक नव्हते, तेथे गायरान तरी कधी खऱ्या अर्थाने सामाईक होते? शेकडो एकरांचा बागायतदार आपल्या बांधाला बांध जोडून कुरण गिळतो तेव्हा त्याला प्रगतिशील शेतकरी म्हणतात. दोन एकर माळ फोडणाऱ्या विधवेला मात्र अतिक्रमणकर्ती म्हटले जाते. कुरणे वाचवण्याचा मार्ग भूमिहीनांना हुसकावण्यातून जात नाही. आधी जमिनीचे न्याय्य वाटप, मग उरलेल्या सामाईकाची सर्वांनी मिळून राखण, असा क्रम असायला हवा. ज्याचा गावावर हक्कच मान्य होत नाही, त्याच्याकडून गावाच्या कुरणाची जबाबदारी कोणत्या तोंडाने मागायची?

रोहिणीचे पाणी

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण परंपरेहून वेगळे दिले आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्राला एकाएकी वैराग्य आले, ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद पुढे आणला. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीवर शेती भिजवीत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दरवर्षी भांडणे होत. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्रतिनिधी व त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा मंडळाकडे वाद सोपवावा असे सुचवले. बहुमताने ते फेटाळले. परिणामी सिद्धार्थाने परिव्रज्या स्वीकारली.

म्हणजे आपल्या धम्माच्या कथेचा आरंभच पाणीवाटपाच्या तंट्यात आहे. नदीच्या पाण्यासाठी माणसे माणसांना मारतात, हे दुःख सिद्धार्थाला घराबाहेर घेऊन गेले. तापमानवाढीच्या या काळात जगभर नद्यांचे तंटे चिघळत असताना या कथेकडे आपण पुन्हा पाहायला हवे.

विनयाच्या नियमांतही हीच दृष्टी दिसते. भिक्खूंनी जमीन खणू नये, झाडे-वेली तोडू नयेत, जीवजंतू असलेले पाणी मातीवर वा गवतावर ओतू नये. वर्षावासाची प्रथा का पडली? पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे हा नियम लोकांचे ऐकून झाला. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्याचे, विहिरी खणल्याचे आणि वाटांवर झाडे लावल्याचे कोरून ठेवले. पाचव्या स्तंभलेखात विनाकारण वने जाळू नयेत असा आदेश आहे. आपल्या महाराष्ट्रातील सोपाऱ्यात सापडलेला आठव्या शिलालेखाचा तुकडा तर राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगणारा आहे. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्या दाराशी पावसाचे पाणी साठवणाऱ्या 'पोढी' कोरल्या आहेत. अशी पोढी कोरवून देणे हे त्या काळी पुण्याचे दान मानले जाई. मुंबईला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी मुलांना ती टाकी अवश्य दाखवावीत. दगडात कोरलेला हा पाण्याचा हिशेब दीड-दोन हजार वर्षे टिकला आहे.

ताटावरचा वाद

आता आपल्या घरात येऊ. भोजनदानाच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी आमच्या गटात एक वाद होतो. तरुण मंडळी म्हणतात, जेवण शाकाहारी ठेवू या. पशुपालनामुळे हवामानावर मोठा भार पडतो. त्यांचे म्हणणे निराधार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के वाटा पशुधनाचा असल्याचे नोंदवले होते. ज्येष्ठ म्हणतात, आमच्या ताटाकडे बोट दाखवणारे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. आता पर्यावरणाच्या नावाने तेच बोट पुन्हा नको. त्यांचेही म्हणणे निराधार नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भरचौकात मारले गेले. त्यावर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली आणि ही कामे तुम्हीच करा, आम्हाला आमची जमीन द्या, अशी मागणी केली. महाडचा ठराव आणि दादासाहेबांचा सत्याग्रह त्या एका मागणीत एकत्र आले होते.

या वादात धम्म आपल्याला काय सांगतो? देवदत्ताने भिक्खूंवर मांसाहारबंदी घालावी असा आग्रह धरला, तेव्हा तथागतांनी ती सक्ती नाकारली. बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना दोन भेद केले. एक, तत्त्व आणि नियम यांतील. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. दुसरा, मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतील. हे दोन भेद आजच्या पर्यावरणाच्या चर्चेला फार उपयोगी आहेत, असे आम्हाला वाटते. दुष्काळात वाळलेल्या चान्यांवर जगलेली पणजी गरजेने खात होती. आपल्या फ्रीजमध्ये आठवडाभर पडून शेवटी कचऱ्यात जाणारे स्वस्त मांस गरजेचे नसते. आणि विमानाने आलेली, दोन दिवसांत फेकून दिलेली शाकाहारी फळेही गरजेची नसतात. ताटात मांस आहे की भाजी, यापेक्षा आपण किती घेतो, किती टाकतो आणि ते पिकवणाऱ्या, कापणाऱ्या हातांना काय मिळते, हे विचारणे तत्त्वाला धरून होईल. भोजनदानात दोन्ही प्रकारचे अन्न असावे आणि एकही घास वाया जाऊ नये, यावर आमच्या गटाचे तूर्त एकमत झाले आहे.

स्वतःविषयीही थोडे बोलले पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांचा चरितार्थ संगणकावर चालतो. ज्याला आपण 'क्लाउड' म्हणतो तो पाऊस पाडीत नाही. त्यामागची यंत्रे थंड ठेवायला वीज आणि पाणी लागते. दोन पिढ्यांपूर्वी गावातील सर्वांत कमी पाणी वापरणारी माणसे आपली होती. आज आपण जगातील सर्वाधिक वापर करणाऱ्यांत आहोत. शिक्षणाने आणि संघर्षाने मिळालेल्या या सुबत्तेची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र हक्क मागणाऱ्यांचे वारस म्हणून जबाबदारीचा हिशेब देणे आपल्याला चुकवता येणार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले. ज्वारी, बाजरी, नाचणी या गरिबाघरच्या धान्यांना परदेशी दुकानांत चढा भाव आला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल मिलो आणि खडी फोडताना वाटली गेलेली सुकडी ज्यांना आठवते, अशी वडीलधारी माणसे आज आपल्या घरी पाहुणी म्हणून येतात आणि त्या पाकिटांकडे पाहून हसतात. त्या हसण्यात एक इतिहास आहे आणि तो कोठेही लिहिलेला नाही.

म्हणून मुलांच्या प्रश्नाला आम्ही आता असे उत्तर देतो. आधी रोहिणीची गोष्ट सांगतो, मग चवदार तळ्याची. त्यानंतर त्यांना आजी-आजोबांसमोर बसवतो आणि विचारायला लावतो : तुमच्या वस्तीत पाणी कोठून यायचे? ते भरायला कोण जायचे? रानातल्या कोणत्या भाज्या तुम्ही ओळखता? सत्याग्रहात घरातून कोण गेले होते? उत्तरे मुलांनी मराठीत लिहून घ्यावीत, अडले तर आपण मदत करावी. ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. पुढच्या एप्रिलपर्यंत प्रत्येक कुटुंबाने अशी एक तरी वही भरावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.